दयेची झडती

सुशिक्षितांच्या बैठकींत ख्रिस्ती मिशनांचा विषय निघाला कीं संभाषण कोणत्या दोन रुळांवरून धांवणार हें आतां अगोदरच सांगतां येतें. पहिला पक्ष म्हणतो, हे लोक सेवा करतात ती बाटविण्यासाठीं; दवाखाना, शाळा, अनाथालय हीं सारीं गळाला लावलेलीं आमिषें होत. दुसरा पक्ष जरा सौम्य असतो. तो म्हणतो, कांहीं म्हणा, पण महारोग्याच्या जखमा धुवाव्या त्या त्यांनींच. आपल्याच्यानें तें व्हावयाचें नाहीं. एक निंदा करतो, दुसरा स्तुति करतो; आणि चहा संपतांच दोघेही एकाच जिन्यानें खालीं उतरून, जिन्याच्या तोंडाशीं फुटपाथवर निजलेल्या माणसास ओलांडून, आपापल्या घरीं जातात. या दोन मतांत मला फारसें अंतर दिसत नाहीं. मोठ्या शहरांत जीं माणसें कोणाचींच नाहींत त्यांचा विचार आपणांस करावा लागूं नये, हें काम दोन्ही मतें सारख्याच चोखपणें बजावतात. प्रस्तुत लेख दोन्ही पक्षांविरुद्ध आहे. मिशनऱ्यांची वकिली करण्याचा माझा हेतु नाहीं. त्यांच्यावरही मला एक आरोप करावयाचा आहे, आणि तो बाटवाबाटवीच्या नेहमींच्या आरोपाहून जड आहे असें मी समजतों.

प्रथम आमिषाची गोष्ट. ज्या घरांत मिशनच्या शाळेस गळ म्हणतात त्याच घरांतील बाप आपल्या मुलाचें नांव कॉन्व्हेंटमध्यें लागावें म्हणून महिनेच्या महिने ओळखी काढीत हिंडतो. मुलगा तेथें बारा वर्षें काढतो, सकाळच्या प्रार्थनेंत हात जोडतो, नाताळांत गव्हाणीच्या देखाव्यांत मेंढपाळ होतो, आणि श्रावणी सोमवार पाळणाऱ्या घरीं जसाच्या तसा परत येतो. त्याचा धर्म गेला असें कोणास वाटत नाहीं. मुंबईच्या विल्सन कॉलेजाचें मूळ १८३२ सालच्या शाळेंत आहे; सेंट झेवियर्स १८६९ चें. या दोन संस्थांतून बाहेर पडलेले हिंदु पदवीधर किती आणि त्यांतले ख्रिस्ती किती झाले, याचा हिशेब ज्यानें त्यानें मनांतल्या मनांत करावा. मग हीच शाळा झोपडपट्टींतील मुलास फुकट मिळाली म्हणजे एकाएकीं आमिष कशी होते? या आक्षेपाच्या पोटीं एक सिद्धान्त दडलेला आहे: आमचा धर्म मस्तकांत असतो, गरिबाचा पोटांत; आमची श्रद्धा टिकाऊ, त्याची विकाऊ. मिशनऱ्यास नांवें ठेवण्याच्या भरांत आपण आपल्याच धर्मबांधवाचा केवढा अपमान करतों, हें आक्षेपकांच्या ध्यानांतही येत नाहीं.

ज्यांना हा सिद्धान्त खरा वाटतो त्यांनीं १४ ऑक्टोबर १९५६ चा नागपूरचा दिवस आठवावा. त्या दिवशीं डॉ. आंबेडकरांच्या पाठोपाठ लाखों माणसांनीं हिंदु धर्म सोडला. त्यांना कोणी दवाखाना देऊं केला नव्हता, कीं फुकट शाळा देऊं केली नव्हती. उलट असलेल्या सवलती जाण्याचा धोका होता. तीं माणसें भाकरीसाठीं गेलीं नाहींत. मान हवा होता म्हणून गेलीं. आणि मिशनऱ्यांवर डॉ. आंबेडकरांचा जो आक्षेप होता तो आमच्या आक्षेपाच्या अगदीं उलट होता. मिशनांनीं शाळा-कॉलेजांवर व इस्पितळांवर जो पैसा खर्चिला त्याचा लाभ बव्हंशीं उच्चवर्णीय हिंदूंनींच घेतला, असें त्यांचें म्हणणें होतें. म्हणजे गळ टाकला गेला असेल, पण आमिष खाऊन गेलों ते आपणच. हें वाक्य लिहितांना मला माझ्या पदवीचें व माझ्या इंग्रजीचें विस्मरण झालेलें नाहीं.

हेतूच्या या चर्चेंत मूळ विषय हरवतो, तो शहराचा. गांवांत वेड्यालाही नांव असतें आणि भिकाऱ्याचाही वार ठरलेला असतो. मी गांवाचे गोडवे गात नाहीं. गांवकुसाबाहेर ज्यांना ठेवलें त्यांच्या वांट्यास त्या दयेंतून काय आलें तें सर्वांस ठाऊक आहे. परंतु गांवाची निर्दयता देखील ओळखीची असते. मोठ्या शहराची जात निराळी. तेथें माणूस मरतो तो अनोळखी म्हणून मरतो. २०२० च्या मार्चांत टाळेबंदी जाहीर झाली तेव्हां मुंबईंतून मजुरांचे तांडेच्या तांडे पायीं निघाले, यांत नवल कांहींच नव्हतें. या शहरानें त्यांच्याकडून वर्षानुवर्षें काम घेतलें होतें. पत्ता मात्र दिला नव्हता.

आमच्या धर्मांत दान नाहीं असें कोण म्हणेल? पाणपोई आहे, अन्नछत्र आहे, धर्मशाळा आहे. पण या सर्वांत घेणारा हा देणाऱ्याच्या पुण्याचें साधन असतो. अन्नछत्रांत जेवून गेलेल्या माणसाचें पुढें काय झालें हें विचारण्याची चाल नाहीं. त्यानें हात धुतले कीं पुण्य जमा झालें. मुंबईंत म्हाताऱ्या गुरांसाठीं व बेवारशी जनावरांसाठीं पांजरपोळ १८३४ पासून आहे, आणि ती ज्यांनीं उभारली त्यांच्याविषयीं मला आदरच आहे. तरी बेवारशी जनावराची सोय एका व्यापारी शहरास इतक्या लवकर सुचावी आणि बेवारशी माणसाची सुचण्यास परदेशांतून माणसें यावीं लागावीं, ही गोष्ट विचार करण्यासारखी आहे. ख्रिस्ती सेवेचें वेगळेपण त्यांच्या अंतःकरणाच्या मार्दवांत आहे असें मला वाटत नाहीं. आपल्या शेटजींचें अंतःकरणही मऊच असतें. वेगळेपण पाठलागांत आहे. मिशनऱ्यास त्या माणसाचा आत्मा हवा असतो. त्या लोभानें कां होईना, तो त्याचें नांव विचारून लिहून घेतो, दुसऱ्या दिवशीं पुन्हां येतो, तो दारू पिऊन पडला असेल तर उचलतो, आणि तिसऱ्या दिवशीं पुन्हां येतो. ज्या हेतूस आपण नाक मुरडतों त्या हेतूनेंच ही चिकाटी पुरविली आहे.

ही चिकाटी प्रथम संघटित झाली ती लंडन शहरांत. विल्यम बूथ या मेथॉडिस्ट उपदेशकानें १८६५ सालीं लंडनच्या पूर्व भागांत काम आरंभिलें. १८७८ पासून त्याच्या संस्थेस मुक्तिफौज हें नांव मिळालें. स्टॅन्ले या प्रवाशाचें काळोख्या आफ्रिकेवरील पुस्तक १८९० सालीं गाजत असतां बूथनें त्याच वर्षीं काळोख्या इंग्लंडवर पुस्तक लिहिलें. जंगल पाहावयास काँगोपर्यंत जावयास नको, तें राजधानीच्या गल्लींत आहे, हा त्याचा इत्यर्थ. त्यांत त्यानें केलेली एक तुलना विसरण्यासारखी नाहीं. लंडनच्या रस्त्यांत भाड्याच्या गाडीचा घोडा पडला, तर तो स्वतःच्या चुकीनें पडला कीं काय याची चौकशी कोणी करीत बसत नाहीं; आधीं त्यास उठवितात. तो जिवंत आहे तोंवर त्यास दाणा, तबेला आणि काम या तीन गोष्टी मिळतात. बूथ म्हणे, माणसासाठीं मी याहून अधिक कांहीं मागत नाहीं.

या योजनेवर इंग्लंडांतच केवढी टीका झाली हें आमच्याकडील टीकाकारांस बहुधा माहीत नसतें. प्राणिशास्त्रज्ञ हक्सले यानें १८९०-९१ च्या हिंवाळ्यांत 'टाइम्स' पत्रांत पत्रांमागून पत्रें लिहून तीवर भडिमार केला. त्याचा आक्षेप असा कीं, लोकांचा प्रचंड पैसा एकाच माणसाच्या निरंकुश हातीं जात आहे, आणि आंधळ्या आज्ञापालनावर उभारलेली फौज ही दारिद्र्याहून मोठी आपत्ति ठरेल. यांत हिंदु-ख्रिस्ती वाद कोठें आहे? मिशनच्या कामाची परीक्षा करण्यास आपला धर्म धोक्यांत असावा लागत नाहीं. डोळे उघडे असले म्हणजे पुरे.

बूथच्या कामांतील एक प्रकरण मला विशेष बोधप्रद वाटतें. त्या काळीं आगपेटीच्या काड्यांस पिंवळा-पांढरा फॉस्फरस लावीत, आणि त्याच्या वाफेनें कारखान्यांतील बायकांचे जबडे कुजत. मुक्तिफौजेनें १८९१ सालीं लंडनच्या बो भागांत स्वतःचा कारखाना काढला, निरुपद्रवी तांबडा फॉस्फरस वापरला, आणि मजुरीही अधिक दिली. याहून निर्मळ सेवा कोणती? पण ती आगपेटी महाग पडे. स्वस्त आगपेटी घेणारें गिऱ्हाईक दयाळू भाषण ऐकून टाळ्या वाजवी आणि दुकानांत जाऊन स्वस्तच घेई. दहा वर्षांच्या आंत-बाहेर तो कारखाना बंद झाला. जबडे कुजण्याचें थांबलें तें १९०८ सालीं पांढऱ्या फॉस्फरसवर बंदी घालणारा कायदा झाला तेव्हां. कारखान्यानें रस्ता दाखविला हें खरें. पण रस्ता केला तो कायद्यानें.

आतां दुसरें एक घर पाहावें, बूथच्या ठाण्यापासून फार लांब नसलेलें. सॅम्युएल बार्नेट हा व्हाइटचॅपलचा पाद्री. त्यानें व त्याच्या पत्नीनें १८८४ सालीं टॉयन्बी हॉल काढला. त्यांत कल्पना अशी कीं ऑक्सफर्ड-केंब्रिजच्या तरुणांनीं गरिबांच्या वस्तींत येऊन भाकरी वांटूं नये, नुसतें शेजारीं म्हणून राहावें, शिकवावें व शिकावें. तेथें १९०३ सालीं बेव्हरिज नांवाचा तरुण आला. इतकी संपत्ति असलेल्या देशांत इतकें दारिद्र्य कां, हें शोधून काढा, असें ऑक्सफर्डांत त्याच्या गुरूनें त्यास बजावलें होतें. त्या माणसाच्या १९४२ च्या अहवालावर इंग्लंडची सामाजिक विम्याची सारी इमारत उभी राहिली; आणि ती उभारणारा पंतप्रधान ॲटली हाही याच लंडनच्या पूर्व भागांत शेजारधर्म करून, टॉयन्बी हॉलचा चिटणीस राहून, तयार झालेला. बूथ "कसें उठवूं?" असें विचारीत होता, बार्नेट "कां पडला?" असें विचारूं लागला. दोघांचा ख्रिस्त एकच. पण या दोन प्रश्नांत जें अंतर आहे तेंच माझ्या मतें सर्व शहरी सेवेची कसोटी होय. मिशनऱ्यांवरील माझा आरोपही याच कसोटीचा आहे: त्यांच्यापैकीं फार थोड्यांनीं दुसरा प्रश्न विचारला, आणि ज्यांनीं विचारला नाहीं ते नकळत, कधीं कळूनसवरूनही, पाडणाऱ्याच्या नोकरींत जाऊन बसले.

आरोपास पुरावा हवा. तो मुंबईपासूनच सुरू होतो. १९ सप्टेंबर १८८२ रोजीं फ्रेडरिक टकर हा मुलकी खात्यांतील मोठी नोकरी सोडलेला इंग्रज तीन सोबत्यांसह मुंबईस उतरला. हीच हिंदुस्थानांतील मुक्तिफौज. रस्त्यांत गात मिरवणूक काढली म्हणून इंग्रज सरकारनें त्यांस पकडलें, तुरुंगांतही घातलें. आणि कलकत्त्याहून त्यांची बाजू घेतली ती केशवचंद्र सेन या ब्राह्म पुढाऱ्यानें. टकरनें भगवीं वस्त्रें घेतलीं, तो अनवाणी हिंडूं लागला, फकीरसिंग म्हणवून घेऊं लागला. इथवरचा इतिहास कोणाही भाविकास गहिंवर आणील. पण पुढें काय झालें? १८७१ च्या कायद्यानें सरकारनें कित्येक भटक्या जमातींवर जन्मतःच गुन्हेगार असा शिक्का मारला होता. १९०८ पासून या जमातींच्या वसाहती चालविण्याचें काम सरकारनें ज्यांच्या हवालीं केलें त्यांत हीच मुक्तिफौज प्रमुख होती, आणि तिचा पुढारी तोच टकर होता. हजेरी, परवान्यावांचून बाहेर पडण्यास बंदी, सक्तीचें काम, व त्याबरोबर प्रार्थना व हातमाग. ज्याला १८८२-८३ मध्यें सरकारनें तुरुंग दाखविला तोच पंचवीस वर्षांनीं सरकारचा तुरुंगाधिकारी झाला, आणि हें सर्व दयेच्याच नांवानें झालें. या माणसांना गुन्हेगार कोणीं ठरविलें, कां ठरविलें, त्यांचे व्यापाराचे मार्ग व कुरणें कोणीं हिरावलीं, हा प्रश्न विचारला असता तर हातांतल्या किल्ल्या खालीं ठेवाव्या लागल्या असत्या. तो शिक्का पुसला गेला १९५२ सालीं, कायद्यानेंच.

चमत्कार पाहा: धर्मांतराविरुद्ध शाई ओतणाऱ्या आमच्या लेखकांच्या यादींत हें प्रकरण मला क्वचितच आढळतें. कारण उघड आहे. त्या जमातींस चोर मानण्यांत मिशनरी, कलेक्टर आणि आम्ही पांढरपेशे यांचें एकमत होतें. अजूनही पुष्कळ ठिकाणीं आहे.

उलट ज्या प्रकरणावर आम्ही सर्वांत अधिक शाई ओतली तें शारदा सदनाचें. पंडिता रमाबाई १८८३ सालीं इंग्लंडांत वाँटेजच्या मठांतील भगिनींकडे असतां, त्या भगिनींनीं लंडनच्या फुलम भागांत पतित स्त्रियांसाठीं चालविलेलें घर त्यांनीं पाहिलें. त्या घरानें आपल्या मनावर केवढा परिणाम केला तें त्यांनीं पुढें स्वतःच लिहून ठेविलें आहे. म्हणजे ज्या बाई संस्कृत शास्त्रें कोळून प्यालेल्या होत्या त्यांना धर्मग्रंथांतील युक्तिवादापेक्षां शहराच्या एका गल्लींतील बिछान्यांनीं अधिक पटविलें. पुढें १८८९ सालीं मुंबईंत सदन निघालें, दुसऱ्या वर्षीं तें पुण्यास गेलें, आणि १८९३ सालीं मुली रमाबाईंच्या प्रार्थनेस बसतात यावरून रान उठलें. रानडे, भांडारकर यांनीं सल्लागार मंडळ सोडलें. मी यांत रानड्यांना दोष देणार नाहीं. धर्माच्या बाबतींत तटस्थ राहण्याचें वचन दिलेलें होतें. तें पाळलें जातें कीं नाहीं हें पाहण्याचा पालकांस हक्क होता. देणाऱ्यानें देण्यापूर्वीं स्वतः प्रार्थना करावी, ती त्याची. घेणाऱ्यानें प्रार्थना केल्यावांचून ताट पुढें सरकवावयाचें नाहीं, असें झालें कीं सेवा संपली व दुकान सुरू झालें. ही रेघ स्पष्ट आहे, आणि ती ओलांडणाऱ्या कोणत्याही संस्थेस, मग ती कोणत्याही देवाची असो, जाब विचारला पाहिजे.

पण जाब विचारून झाल्यावर काय केलें, हें पाहणें अधिक महत्त्वाचें. आमच्यापैकीं बहुतेकांनीं मुली काढून नेल्या आणि विषय संपला असें मानलें. एका गणिताच्या शिक्षकानें मात्र तसें मानलें नाहीं. त्याच सदनांत शिकलेल्या गोदूबाईंशीं धोंडो केशव कर्वे यांनीं १८९३ सालीं पुनर्विवाह केला आणि १८९६ सालीं अनाथ बालिकाश्रम काढला. मिशनऱ्यास हें खरें उत्तर होय. तरीही हें उत्तर अपुरें होतें हें सांगितलेंच पाहिजे. तो आश्रम आरंभीं उच्चवर्णीय विधवांपुरता होता, आणि शहरांत बाजारबसवी ठरलेल्या बाईस दार उघडें होतें तें रमाबाईंच्या कृपासदनाचेंच.

आमच्या लोकांनीं मिशनऱ्यांपासून जें शिकावयाचें तें कधींच शिकलें नाहीं असा मात्र माझा दावा नाहीं. विठ्ठल रामजी शिंदे १९०१ ते १९०३ या काळांत ऑक्सफर्डच्या मँचेस्टर कॉलेजांत राहून परत आले, आणि १८ ऑक्टोबर १९०६ रोजीं त्यांनीं मुंबईंत अस्पृश्यवर्गासाठीं जी संस्था काढली तिच्या इंग्रजी नांवांत 'मिशन' हाच शब्द घातला. शब्द उसना घेण्याची त्यांना लाज वाटली नाहीं, कारण त्यांनीं पद्धतिही उसनी घेतली होती. परळच्या वस्तींत शाळा काढून त्यांची बहीण जनाबाई व इतर सहकारी त्या कामांत स्वतः उतरले; वर्गणी पाठवून घरीं बसले नाहींत. नारायण मल्हार जोशी यांची कथा तर थेट बार्नेटच्या वळणाची. १९११ सालीं त्यांनीं सोशल सर्व्हिस लीग काढून गिरणी कामगारांसाठीं वाचनालयें व रात्रीच्या शाळा चालविल्या. पुढें कामगारास पुस्तकाआधीं पगार हवा, झोपावयास वेळ हवा, हें त्यांना उमगलें. १९२० सालीं अखिल भारतीय ट्रेड युनियन काँग्रेसच्या स्थापनेंत ते अग्रभागीं होते. रात्रशाळेंतून जो प्रश्न निघाला तो कायदेमंडळापर्यंत गेला.

आणि एक मिशन असें होतें कीं ज्यास हें वळण स्वतःच सांपडलें. अमेरिकन मराठी मिशनची माणसें मुंबईस १८१३ मध्यें आलीं. शतकभर त्यांनीं इतर मिशनांप्रमाणेंच शाळा, छापखाना, उपदेश हें सारें केलें. दुष्काळानंतर १९०० सालीं मिस मिलार्ड यांनीं अंधांसाठीं मुंबईंत शाळा काढली, तीही याच मिशनची. पण माझ्या दृष्टीनें त्यांचें सर्वांत मोठें काम नागपाड्याचें. शिकागोकडून आलेल्या क्लिफर्ड मॅन्शार्ट यांनीं १९२७ सालीं तेथें 'नेबरहुड हाउस', म्हणजे शेजारघर, उघडलें. वस्ती मुसलमान, ज्यू, ख्रिस्ती, हिंदु अशी सरमिसळ. कामाठीपुरा हांकेच्या अंतरावर. तेथें दवाखाना आला, वर्ग आले, व्याख्यानें आलीं, बास्केटबॉलचें मैदान आलें. त्या शेजारघरांतच १९३६ सालीं सर दोराबजी टाटा यांच्या नांवाची समाजसेवेची पदव्युत्तर शाळा सुरू झाली, आणि तिचे पहिले संचालक मॅन्शार्टच होते. आज टाटा समाजविज्ञान संस्था म्हणून देवनारला जी संस्था आहे तिचें मूळ हें. दया ही शिकण्याची विद्या आहे, तीस मोजमाप लागतें, घरभाडें किती, मजुरी किती, मुलें किती दगावतात हें लिहून काढावें लागतें, हें या देशांत शाळा काढून प्रथम शिकविलें तें एका पाद्र्यानें. त्यानें किती जणांस बाप्तिस्मा दिला, असा प्रश्न त्या घराविषयीं विचारल्याचें मला आठवत नाहीं. विचारण्यासारखें तेथें कांहीं नव्हतें, म्हणूनच त्याचें नांवही आमच्या बैठकींत कोणास ठाऊक नसतें.

कलकत्त्याच्या मदर तेरेसांचें नांव सर्वांस ठाऊक आहे, म्हणून त्यांच्याविषयीं थोडेंच लिहितों. १९५२ सालीं कालीघाटास, देवळाशेजारच्या यात्रेकरूंच्या जागेंत, त्यांनीं मरणोन्मुखांसाठीं निर्मल हृदय उघडलें. फाळणीनंतरच्या त्या शहरांत माणसें रस्त्यावर मरत होतीं, आणि जागा दिली ती महानगरपालिकेनें. हें लक्षांत न घेतां कोणी त्या घराविषयीं बोलूं नये. परंतु १९९४ सालीं 'लॅन्सेट' या वैद्यकीय पत्रांत रॉबिन फॉक्स या डॉक्टरानें जी उणीव दाखविली तीही खरी मानली पाहिजे: रोगाचें नीट निदान नाहीं, बरा होण्यासारखा व न होण्यासारखा हा भेद नाहीं, तीव्र वेदना शमविणारीं औषधें नाहींत. संस्थेजवळ पैसा नव्हता म्हणून असें झालें नाहीं. दुःखाला देवाची देणगी मानणाऱ्या वृत्तीमुळें झालें. येथें माझा आरोप पुन्हां लागू होतो. "कां पडला?" हें न विचारणारी दया शेवटीं "दुखतें कोठें?" हेंही विचारीनाशी होते. आणि गंमत अशी कीं आमचीं वर्तमानपत्रें त्या घराविषयीं भांडलीं तीं मरणाऱ्याच्या कपाळावर पाणी शिंपडलें कीं नाहीं यावर. त्यास वेदनाशामक टोंचलें कीं नाहीं, हें भांडण विलायतेच्या डॉक्टरावर सोपविलें.

आतां हा वाद बैठकींतून कायद्यांत गेला आहे. उत्तर प्रदेशाच्या २०२१ च्या कायद्यानें 'प्रलोभन' शब्दाची जी व्याख्या केली तींत धार्मिक संस्थेच्या नांवाजलेल्या शाळेंतील मोफत शिक्षण आहे, नोकरी आहे, आणि चांगल्या राहणीमानाचें वचनही आहे. मी वकील नाहीं. पण या व्याख्येंतून निघणारा अर्थ शाळामास्तरासही कळतो. फी घेऊन शिकविलें तर विद्या, फुकट शिकविलें तर संशय. फसवणूक व जबरदस्ती यांस शिक्षा असावी याविषयीं दुमत नाहीं. परंतु राहणीमान सुधारण्याची इच्छा हीच जर मनाची दुर्बलता ठरविली, तर गरिबास या देशांत निर्दोष असें एकच मन उरतें, तें म्हणजे गरीब राहण्याचें.

कोणी म्हणतील, तुम्ही दोन्हीकडे बोलतां. मिशनऱ्यानें करावें तरी काय? माझें मागणें मोठें नाहीं. ताटाला अट नसावी. परिचारिका शिकलेली असावी. मायाळूपणा हा शिक्षणाचा मोबदला नव्हे. ज्यांची सेवा होते त्यांतलीं दोन माणसें संस्थेच्या कारभारांत बसावीं, आणि हिशेब त्यांना वाचतां येईल अशा भाषेंत भिंतीवर लागावा. वस्तींत कोणता मालक किमान वेतन बुडवितो, कोणत्या नळाला पाणी येत नाहीं, इस्पितळाच्या दारांतून कोणास परत पाठवितात, हें धर्मोपदेशकानें आपल्या मंडळींपुढें नांव घेऊन सांगावें, मग त्या मंडळींत तो मालक पहिल्या बांकावर बसलेला कां असेना. यामुळें देणग्या घटतील हें मला दिसतें.

आणि आक्षेपकांस एकच विचारावयाचें आहे. २०२१ च्या नाताळांत मदर तेरेसांच्या संस्थेस परदेशी देणग्या घेण्याचा परवाना पुढें चालू ठेवण्यास गृहखात्यानें नकार दिला, आणि जानेवारी २०२२ च्या पहिल्या आठवड्यांत तो पुन्हां दिला. मधल्या जेमतेम दोन आठवड्यांत वर्तमानपत्रांतून समाधान पुष्कळ व्यक्त झालें. तो परवाना कायमचा गेला असता तर त्या संस्थेच्या घरांतील पोरक्या मुलांसाठीं, महारोग्यांसाठीं व मरणोन्मुखांसाठीं आमच्यापैकीं कोणी कोणत्या गल्लींत किती खाटा तयार ठेवल्या होत्या, त्याची यादी मी तेव्हांपासून शोधीत आहें.